जॉबरलाही माणसं कळत होती

माणसं सांभाळायला डिग्री कशाला लागते? संघटनवर्तन आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयात एमए किंवा एमबीए करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणारा बहुधा स्वतःला माणसांचा मोठा पारखी समजत असतो. 'तीस वर्षं कारखाना चालवलाय, माणूस दारातून आत आला की ओळखतो,' वगैरे. ही कला अंगातच असावी लागते, वर्गात बसून येत नाही, हा या मंडळींचा सिद्धान्त.

मुंबईने हा सिद्धान्त एकदा पुरेपूर वापरून पाहिला आहे. गिरण्यांच्या सुरुवातीच्या काळात मनुष्यबळ विभाग नावाची चीज नव्हती. होता तो जॉबर. कामगार भरायचा तो, काम लावून द्यायचा तो, खाडा पडला तर बदली उभा करायचा तो, आणि घरी बसवायचा तोही तोच. कोण कुठल्या गावचा, कोणाचा भाऊ कुठल्या चाळीत राहतो, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज, कोण लवकर तापतो, सगळं त्याला तोंडपाठ. आजच्या कुठल्याही एचआर मॅनेजरकडे माणसांची इतकी बारीक माहिती नसेल. आणि त्या माहितीचं जॉबर करायचा काय? दस्तुरी घ्यायचा. नोकरी लावून देण्याची दस्तुरी, ती टिकवण्याची दस्तुरी. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की जॉबरची सत्ता समजली जाते तितकी अमर्याद नव्हती, त्यालाही वस्तीत आपली पत राखावी लागे. मान्य. पण ती पत सांभाळायलाही त्याच्या हाती होती ती दुसऱ्याची गरजच. कामगारांच्या प्रश्नांसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात शिफारस केली की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढावी आणि कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमावेत. उपजत कलेला जाब विचारणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते शिकूनच तयार होणार होतं. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २०२०च्या कामगार संहितेने तो आकडा २५०वर आणला आहे. तेव्हा 'डिग्री कशाला' याचं पहिलं उत्तर मुंबईच्या गिरणगावातच मिळतं.

दुसरा आक्षेप जरा सभ्य असतो: यात नवीन ते काय सांगतात, सगळा कॉमन सेन्स तर आहे. या आक्षेपाची जिरवण्याचं काम पॉल लाझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९४९ सालीच करून ठेवलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या एका प्रचंड अभ्यासावर लिहिताना त्याने आधी काही निष्कर्ष मांडले. जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला. शहरी पोरांपेक्षा खेड्यातून आलेली पोरं सैन्यात जास्त मजेत राहिली. वाचणारा म्हणणार, हे सांगायला संशोधन कशाला? शिकलेला माणूस नाजूकच, आणि खेड्यातल्याला कष्टाची सवय असतेच! मग लाझर्सफेल्ड सांगतो, मी दिलेलं प्रत्येक विधान प्रत्यक्षातल्या निष्कर्षाच्या नेमकं उलटं आहे. आता गंमत अशी, की खरे निष्कर्ष आधी सांगितले असते तरी आपण तितक्याच ठामपणे 'हे तर उघडच आहे' म्हणालो असतो. उत्तर कळल्यावर ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असं वाटणं, एवढंच या कॉमन सेन्सचं भांडवल.

अहमदाबादची कॅलिको मिल बघा. नवे स्वयंचलित माग आले, कामाचा अभ्यास करून प्रत्येकाला किती माग झेपतील याचं गणित मांडलं गेलं, आणि उत्पादन मात्र अपेक्षेइतकं निघेना. अशा वेळी कॉमन सेन्स म्हणतो, कामगार आळशी आहेत, नाहीतर मशीन समजत नाही त्यांना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसलं ते असं: शेडमध्ये २२४ माग आणि कामं बारा प्रकारांत वाटलेली. विणणारा वेगळा, बॅटरीत कांड्या भरणारा वेगळा, तुटका धागा जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. आणि प्रत्येकाच्या वाट्याचे माग निरनिराळ्या हिशेबाने मोजलेले, त्यामुळे एका विणकराला चार-पाच जणांची गरज पडायची, पण त्यांतला एकही पूर्णपणे त्याचा नाही. धागा तुटून माग थांबला तर तो कोणाचा खोळंबा, याचं उत्तर शेडमध्ये कोणाकडेच नव्हतं. राइस यांनी कल्पना मांडली की एका गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी द्यावी. कामगारांनी ती लगेच उचलून धरली आणि गट स्वतःच पाडले. उत्पादन वाढलं, कापडाची नासाडी घटली. माणसं तीच, माग तेच. १९७० साली टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा मूळच्या शेडमध्ये गटपद्धत बऱ्यापैकी टिकून होती, बाकी ठिकाणी मात्र जुन्या वळणावर गेली होती. हा शेवटचा भाग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. चांगली रचनाही कोणी राखली नाही तर मोडते, आणि ती का मोडली हे शोधायला पुन्हा कोणीतरी अभ्यास केलेला माणूस लागतो.

कॅनडाचे व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री मिन्ट्झबर्ग यांचा आक्षेप मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही. २००४च्या आपल्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की अनुभव नसलेल्या पोरांना वर्गात बसवून व्यवस्थापक घडवता येत नाही. बरोबर आहे. चोविसाव्या वर्षी पदवी घेऊन पन्नाशीच्या फोरमनला 'मोटिव्हेशन' शिकवायला निघालेला पोरगा पाहिला की मलाही मिन्ट्झबर्ग आठवतात. पण हे मिन्ट्झबर्ग स्वतः मोठे झाले कशावर? पीएचडीसाठी त्यांनी पाच मुख्य अधिकाऱ्यांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून ते दिवसभर नेमकं करतात काय, हे टिपलं. शांत बसून योजना आखणारा साहेब पुस्तकात होता. प्रत्यक्षात सापडला तो दर थोड्या वेळाने कोणीतरी अडवलेला, तुकड्यातुकड्यांत काम करणारा माणूस. म्हणजे अभ्यासाच्या विरोधातला सगळ्यात वजनदार साक्षीदारही अभ्यासाच्याच बाकावरून उठून आलेला आहे.

आणि युनियनचा जुना कार्यकर्ता म्हणतो ते? 'एचआर म्हणजे दिवाळीत रांगोळी स्पर्धा, मार्चमध्ये अप्रेझल, आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी राजीनामा लिहून घेणारं खातं. हे शिकायला दोन वर्षं?' त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते या विषयाच्या जन्मापासूनच आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात: लक्ष दिलं, विचारपूस केली, की काम वाढतं. मात्र त्या रिले जुळवणाऱ्या खोलीतल्या पाच मुलींपैकी दोघींना १९२८च्या सुरुवातीला, गप्पा मारतात आणि ऐकत नाहीत म्हणून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण तर सगळ्यांनाच पाठ असतो. १९४३च्या त्याच्या लेखात त्रिकोणच नाही, हे ठाऊक असलेला विद्यार्थी विरळा. उत्तरपत्रिकेत आकृती काढली की दहापैकी आठ गुण मिळतात, मग मूळ लेख वाचणार कोण?

पण यावरून निघतं ते इतकंच की विषय नीट शिकवला जात नाही. विषय सोडून द्यावा, हे निघत नाही. चाकणला किंवा रांजणगावला पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर उभं राहावं. कायम, ट्रेनी आणि ठेकेदाराचा, असे तिघे एकाच लाइनवर जाताना दिसतात. काम बहुतेक सारखं, पगार तीन तऱ्हेचे, आणि जेवणाच्या सुट्टीतही बरेचदा टोळकी वेगवेगळी. यांची 'टीम' बांधायची जबाबदारी ज्याच्यावर येते त्याला गटाचं मानसशास्त्र हवं, कंत्राटी कामगार कायदा हवा, आणि १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर का गेले आणि नंतर त्यांचं काय झालं, हेही हवं. यातलं एकही अंगभूत नसतं. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थ्याला कारखान्यात, वस्तीत, संघटनेच्या कचेरीत पाठवण्याची फील्डवर्कची रीत समाजकार्याच्या शिक्षणात रुळलेली आहे. मुंबईत परळच्या श्रम विज्ञान संस्थेला तर भारतातल्या पहिल्या कामगार पुढाऱ्याचं, नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव आहे. हा वारसा मराठी मुलखात असताना इथल्या खासगी कॉलेजांनी औद्योगिक संबंधांचा पेपर ऐच्छिक करून 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' सक्तीचा करावा, हा मला शुद्ध करंटेपणा वाटतो.

तेव्हा या विषयाला प्रवेश घ्यायला निघालेल्या मुलामुलींनो, प्लेसमेंटचं पॅकेज विचाराच, त्यात लाज नाही. पण त्याच टेबलावर आणखी दोन प्रश्न विचारा: फील्डवर्क आठवड्यात किती दिवस, आणि कामगार कायदा शिकवणाऱ्याने लेबर कोर्टाची पायरी कधी चढली आहे का? दोन्हींना धड उत्तर मिळालं नाही तर फी भरू नका.