भारदस्त भाषेचा हट्ट कशासाठी?

कोलकात्याच्या बालीगंजमध्ये, ब्राइट स्ट्रीटवर बॅरिस्टर प्रमथ चौधुरी राहत. १९१४ साली त्यांनी ‘सबुज पत्र’ हे मासिक काढलं. त्यात ना चित्रं, ना जाहिराती. भांडण मात्र मोठं होतं: माणूस जी बंगाली बोलतो, तीच त्याने लिहावी.

तोवर विद्वत्तेचा मान ‘साधुभाषे’ला होता. बोलताना ‘कोरेछि’ म्हणणारा बंगाली माणूस लेखणी हाती घेतली की ‘करियाछि’ लिहायचा. ‘बीरबल’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चौधुरींनी ही सवय मोडायचं मनावर घेतलं. रवींद्रनाथ त्यांचे चुलत सासरे. पण नात्यापेक्षा मोलाचं म्हणजे, रवींद्रनाथांनी ‘घरे बाइरे’ ही आख्खी कादंबरी या मासिकासाठी ‘चलित’, म्हणजे बोलण्यातल्या, भाषेत लिहिली.

कादंबरीचं ठीक आहे, शास्त्राचं काय? रवींद्रनाथांनी १९३७ साली ‘विश्वपरिचय’ लिहून अणूपासून ग्रहताऱ्यांपर्यंतचं विज्ञान त्याच भाषेत मांडलं आणि पुस्तक भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केलं. बोस स्वतः ‘सबुज पत्र’च्या बैठकीतले. आइनस्टाईनच्या नावाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, त्या बोसांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ मासिकातून सामान्य वाचकाला विज्ञान बंगालीत दिलं. भाषा सोपी केल्याने त्यांची विद्वत्ता कमी झाली, असं म्हणायला कोणी धजणार नाही.

आता आपल्याकडचा एखादा मराठी प्रबंध उघडावा. त्यात असं वाक्य भेटतं: ‘प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने उत्तरदात्यांकडून प्राप्त माहितीचे विश्लेषण करण्यात आलेले आहे.’ कोणी विचारलं, कोणाला, काय? पत्ता नाही. ‘शेतमजूर बायकांना भेटून त्यांची रोजची मजुरी विचारली’ हे वाक्य साधं तर आहेच, शिवाय जास्त काटेकोर आहे. चूक असेल तर लगेच पकडता येते. कदाचित हीच अडचण असावी!

परिभाषा हवीच. ‘सहसंबंध’ या संज्ञेला ठरलेला अर्थ आहे, तिथे दुसरा शब्द चालणार नाही. पण ‘च्या अनुषंगाने’ ही काही संज्ञा नव्हे, ती नुसती भरताड आहे. इरावती कर्वे मानवशास्त्राच्या मुरलेल्या अभ्यासक. त्यांचं महाभारतावरचं पुस्तक ‘युगान्त’ मात्र विद्यापीठाबाहेरच्या वाचकांनीही आवडीने वाचलं.

तेव्हा मार्गदर्शकांना एकच विनंती. विद्यार्थ्याने स्वच्छ लिहिलेलं प्रकरण ‘भाषा जरा भारदस्त करा’ असा शेरा मारून परत पाठवू नका.