फॉलोअर्स मोजून प्रभाव कळत नाही: जव्हार-मोखाड्याच्या नकाशावरून समजून घेऊ ग्राफ थिअरी

एखाद्या रीलखाली वीस लाख व्ह्यूज दिसले की आपण लगेच म्हणतो, "याचा प्रभाव भारी आहे." कंपन्या याच आकड्यावर पैसे देतात आणि राजकीय पक्षही याच आकड्यावर माणसं शोधतात. लसीकरण, मतदान, पोषण आहार अशा जनजागृतीच्या मोहिमांतही आता "एखादा इन्फ्लुएन्सर बघा की" असं सहज म्हटलं जातं.

पण जव्हार किंवा मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर बातमी कशी पोहोचते ते बघा. काही पाड्यांवर आजही नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं. अनेक घरांत मिळून एकच स्मार्टफोन असतो. तरीही बातमी पोहोचते, आणि अफवा तर त्याहून आधी पोहोचते. मग इथे प्रभाव नेमका कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर द्यायला गणितात चांगली हत्यारं आहेत. आज ती समजून घेऊ.

ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख नव्हे

ग्राफ म्हटलं की एक्स आणि वाय अक्ष डोळ्यांसमोर येतात. ते विसरा. इथे ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपक्याला नोड म्हणतात, रेषेला एज. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं, तेव्हापासून हा विषय सुरू झाला. पुढे १९३४ मध्ये जेकब मोरेनोने माणसांना ठिपके मानून 'कोण कुणाशी जोडलेला' याची चित्रं छापली. आज इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅप बघताना आपण तीच चित्रं बघत असतो, फक्त ठिपके कोट्यवधी झालेत.

आता वही-पेन घ्या आणि हे काढा. एका पाड्यावर सहा माणसं, सगळी एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या पाड्यावरही तशीच सहा माणसं. दोन्ही पाड्यांच्या मध्ये आहे एक जीपवाला. तो पहिल्या पाड्यावरच्या किराणा दुकानदाराला ओळखतो आणि दुसऱ्या पाड्यावरच्या दुकानदाराला. बाकी कुणाला नाही.

आता प्रत्येकाच्या ओळखी मोजा. पाड्यावरच्या साध्या माणसाच्या पाच, दुकानदाराच्या सहा आणि जीपवाल्याच्या फक्त दोन. या मापाला डिग्री म्हणतात. फॉलोअर काउंट हा त्याचाच मोठा भाऊ. या हिशोबात जीपवाला सगळ्यात शेवटी येतो.

पण पहिल्या पाड्यावरची गोष्ट दुसऱ्या पाड्यावर जायची असेल तर? दोन्ही पाड्यांवरच्या माणसांच्या ६ गुणिले ६ म्हणजे ३६ जोड्या होतात, आणि त्यातली प्रत्येक जोडी जीपवाल्यामधूनच जाते. दुकानदारामधून ३५ जोड्या जातात. बाकी कुणामधून एकही नाही. या मापाला बिट्वीननेस म्हणतात. लिंटन फ्रीमनने १९७७ मध्ये ते मांडलं. ओळखींत शेवटचा असलेला जीपवाला इथे पहिला येतो. त्याची जीप बंद पडली तर दोन पाडे एकमेकांना मुकतात.

तिसरं माप थोडं वेगळं आहे. तुम्हाला किती जण ओळखतात यापेक्षा *कोण* ओळखतं हे ते बघतं. दहा अनोळखी फॉलोअर्सपेक्षा गावातल्या पोलीस पाटलाने तुमचं ऐकणं जास्त मोलाचं, कारण त्याचं पुढे पन्नास जण ऐकतात. याला आयगेनव्हेक्टर सेंट्रॅलिटी म्हणतात. नाव अवघड आहे, पण गूगलचं १९९८ मधलं पेजरँक याच कल्पनेवर उभं होतं: महत्त्वाच्या पानांनी ज्याला लिंक दिली, ते पान महत्त्वाचं.

म्हणजे एकाच ग्राफमध्ये 'सगळ्यात प्रभावी कोण' याची तीन वेगळी उत्तरं मिळू शकतात. हे नुसतं कागदावरचं नाही. २०१० मध्ये मियांग चा आणि सहकाऱ्यांनी ट्विटरच्या कोट्यवधी खात्यांचा अभ्यास केला. ज्यांचे फॉलोअर्स जास्त, त्यांचे रीट्वीट आणि मेन्शन जास्त असतीलच असं काही दिसलं नाही. त्यांनी आपल्या पेपरच्या नावातच याला 'मिलियन फॉलोअरचा भ्रम' म्हटलं.

एप्रिल २०२०: पालघरचा धडा

आता हे गणित गंभीर का आहे ते बघू. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने तिघांना ठार मारलं: दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. लॉकडाऊन होता, तिघे मुंबईहून सुरतकडे एका अंत्यविधीला निघाले होते. 'चोर फिरतायत, मुलं पळवणारे फिरतायत, किडन्या काढणारे फिरतायत' अशा अफवा त्या पट्ट्यात कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर आणि तोंडोतोंडी फिरत होत्या. त्याच आठवड्यात त्याच भागात मदत वाटायला गेलेल्या एका डॉक्टरवरही हल्ला झाला होता. नंतर शंभरहून जास्त जणांना अटक झाली. देशभर या घटनेला धार्मिक रंग द्यायचा प्रयत्न झाला, म्हणजे एका अफवेतून दुसरी निघाली.

याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना असंच मारलं होतं. ते भिक्षुकी करून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. मग ७ एप्रिल २०२० ला पुढचं पाऊल टाकलं: ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात, म्हणजे जो आधीच अनेकदा फॉरवर्ड झालाय, तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल.

तारीख बघितलीत? गडचिंचलेच्या नऊ दिवस आधी.

ही मर्यादा ग्राफच्या भाषेत काय करते? ती प्रत्येक ठिपक्यातून बाहेर जाणाऱ्या रेषा कमी करते. प्रत्येकाने पाच जणांना पाठवलं तर पाचव्या टप्प्यावर ५×५×५×५×५ म्हणजे ३१२५ चॅट होतात. प्रत्येकाने एकाला पाठवलं तर पाचव्या टप्प्यावरही एकच. त्यामुळे उपाय बिनकामाचा नव्हता. अशा मेसेजचं फॉरवर्डिंग ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने त्याच महिन्यात सांगितलं.

पण दोन गोष्टी सुटतात. एक, तो 'एकच चॅट' ग्रुपही असू शकतो. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची, आता १०२४ मावतात. दोन, व्हॉट्सअॅपला फक्त फोनवरच्या रेषा दिसतात. नाक्यावर, आठवडी बाजारात, जीपमध्ये, विहिरीवर बोललेली गोष्ट कुठल्याच सर्व्हरवर नसते. जिथे एका घरात एक फोन आहे, तिथे एक मेसेज वाचला जातो आणि पाच जणांना *सांगितला* जातो. त्यावर दोन बाण उमटत नाहीत.

ऋतूनुसार बदलणारा ग्राफ

जव्हार-मोखाड्याच्या ग्राफची आणखी एक खासियत आहे. तो वर्षभर सारखा नसतो. भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात: भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, कुणी नाशिककडे. होळीला येऊन जातात आणि पावसाआधी शेतीसाठी परत येतात.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये जो ठिपका पाड्यात होता, तो जानेवारीत भिवंडीच्या ठिपक्यांशी जोडलेला असतो. स्थलांतर करणारा प्रत्येक जण दोन जगांमधला पूल असतो. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटरने दाखवलं होतं की नवीन माहिती, नोकरीची खबर वगैरे, जवळच्या मित्रांकडून कमी आणि ओझरत्या ओळखीतून जास्त येते. जवळच्या मित्रांना आपल्याला जे माहीत असतं तेच माहीत असतं ना! मुकादमाची ओळख, भट्टीवरच्या शेजाऱ्याचा नंबर या अशाच पातळ पण लांब रेषा.

अफवा या मजुरांनी आणली, असं मी म्हणत नाही. अफवा कुणी सुरू केली हे ग्राफ सांगत नाही. तो एवढंच सांगतो की एखादी गोष्ट एका गटातून दुसऱ्या गटात जायची तर कोणत्या जागांवरून जाईल. त्या जागांवर खरी माहिती वेळेत पोहोचली तर अफवेच्या आधी पोहोचू शकते.

अफवा पळते, लस चालते. का?

२०२१ मध्ये कोविडची लस आली, तेव्हा आदिवासी तालुक्यांमध्ये लसीबद्दलची भीती आणि अफवा हीच आरोग्य यंत्रणेपुढची मोठी अडचण होती. 'लस घेतली की माणूस मरतो' हे वाक्य एकदा ऐकलं तरी पुरतं. 'लस सुरक्षित आहे' हे मात्र एकदा ऐकून कुणी दंड पुढे करत नाही.

नेटवर्क सायन्समध्ये या फरकाला नाव आहे. ऐकीव बातमी साध्या संसर्गासारखी पसरते, एक संपर्क पुरेसा असतो. पण वागणं बदलायचं, त्यातही धोका वाटत असेल, तर आजूबाजूच्या दोन-चार जणांनी ते आधी केलेलं दिसावं लागतं. डेमन सेंटोलाने २०१० मध्ये ऑनलाइन प्रयोग करून दाखवलं की असं वागणं लांबच्या विरळ रेषांपेक्षा घट्ट विणलेल्या शेजारात लवकर पसरतं.

म्हणून जीपवाल्याला सांगून *खबर* पोहोचेल, पण *लस* टोचली जाणार नाही. त्यासाठी त्याच पाड्यावरची आशाताई, अंगणवाडी सेविका, आणि आधी लस घेऊन ठणठणीत असलेली शेजारीण अशी तीन-चार माणसं एकाच वेळी लागतात. मुंबईतला लाखभर फॉलोअर्सवाला इथे कमी पडतो, कारण त्याच्याकडून पाड्यावर येणारी रेषा एकच आणि तीही एकतर्फी.

मग योग्य माणूस शोधायचा कसा?

अख्ख्या तालुक्याचा ग्राफ काढायचा तर घरोघरी जाऊन 'तुम्ही कुणाशी बोलता' हे विचारावं लागेल. खर्चिक काम. पण एक स्वस्त उपाय भारतातच तपासला गेलाय.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या खेड्यांमध्ये लोकांना साधा प्रश्न विचारला: "गावात एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असेल तर कुणाला सांगाल?" लोकांनी दिलेली नावं, ग्राफ काढून गणिताने शोधलेल्या मध्यवर्ती माणसांशी चांगली जुळली. मग २१३ गावांत एक प्रयोग झाला. काही गावांत ही लोकांनी सुचवलेली माणसं निवडली, काहींत ज्येष्ठ प्रतिष्ठित, काहींत चिठ्ठी टाकून कुणीही. माहिती सगळ्यात जास्त पसरली ती लोकांनी सुचवलेल्यांकडून. हरियाणात बालकांच्या लसीकरणासाठीही हीच पद्धत वापरली, तेव्हा चिठ्ठीने निवडलेल्यांच्या तुलनेत दरमहा सुमारे २२ टक्के जास्त मुलांना लस मिळाली.

म्हणजे कोणाचं बोलणं लांब जातं हे गावाला आधीच ठाऊक असतं, फक्त कुणी विचारत नाही. पालघर जिल्ह्यात पुढची मोहीम आखताना हे करायला सॅटेलाइट लागत नाही की अॅप लागत नाही. प्रत्येक पाड्यावर पाच-सात जणांना एक प्रश्न विचारायचा, एवढंच. आणि निवडलेले सगळे एकाच पाड्यातले नाहीत ना, हे बघायचं. एकाच घोळक्यातले दोन 'टॉपर' निवडले तर दुसऱ्याने फारशी भर पडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ही यादी ज्याच्या हातात, त्याच्या हातात पूल आहेत. त्यावरून लसीची माहिती जाते, तशीच खोटी प्रचाराची क्लिपही जाऊ शकते. म्हणून नावं जाहीर करायची नाहीत, आणि ज्याचं नाव आलं त्याची परवानगी घ्यायची.

प्रयोग करून बघायचा असेल तर गूगल कोलॅब मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं. पायथनची नेटवर्कएक्स लायब्ररी घ्या, वरच्या तेरा माणसांचा ग्राफ टाका आणि बिट्वीननेस काढा. उत्तर ३६ आणि ३५ यायला हवं. दशांशात काही भलतंच दिसलं तर घाबरू नका, 'नॉर्मलाइज्ड' हा पर्याय बंद करा.

आणि तुमच्या स्वतःच्या ग्राफकडेही एकदा बघा. गावचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, कंपनीतला ग्रुप, या तिन्हींत असलेले तुम्ही एकटेच असाल तर फॉलोअर्स दोनशे असले तरी पूल तुम्हीच आहात. पुढच्या वेळी 'मुलं पळवणारी टोळी' असा मेसेज एका ग्रुपवर आला, तर तो दुसऱ्या ग्रुपवर जाणार की नाही, हे कदाचित फक्त तुमच्या अंगठ्यावर ठरेल.