चाळिशीत दातांना तार : सल्ला कुणाचा घ्यायचा?



माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. लहानपणी थोडे होते, वयाबरोबर दाटी वाढत गेली. बेचाळिसाव्या वर्षी तार लावावी का, असा विषय मी घरात काढला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. जाऊबाई म्हणाल्या, "पोरगी लग्नाला आली, आणि तार आईला?" सासूबाई म्हणाल्या, देहाचा मोह. स्वाध्यायाला येणाऱ्या एका काकूंनी तर मुनींच्या २८ मूलगुणांतलं अदंतधावनच काढलं.

काकूंचा मान राखून सांगते, ते व्रत मुनींचं. ते दिवसातून एकदाच, उभ्यानं आहार घेतात. आपलं सकाळी चहा-खाकरा, दुपारी जेवण, चारला परत चिवडा. श्रावकाचं तोंड श्रावकासारखंच सांभाळावं लागतं. दाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही, अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. रात्रिभोजनत्याग असलेल्या बाईच्या जिभेला रात्री दातातला कण लागला की तो मनालाही लागतो. आणि नुसतं दिसण्यासाठी कुणी तार लावली तरी मला त्यात काही वावगं वाटत नाही. तेराव्या वर्षी लेकीला लावतो तेव्हा मोह कुणाला आठवत नाही!

तेव्हा वयाचा प्रश्न सोडा. हलक्या, सततच्या दाबानं दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. हे मोठ्या वयातही होतं. मात्र हिरड्या निरोगी हव्यात. पायोरिया असेल तर आधी त्याचा इलाज. म्हणून सल्ला एम.डी.एस. झालेल्या ऑर्थोडॉन्टिस्टचा घ्यावा, तोही एक्स-रे आणि हिरड्या तपासून दिलेला. घरीच ठसा घेऊन पाठवायचा आणि साचे टपालानं मागवायचे, हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

पण डॉक्टरांना आपले नियम माहीत नसतात, ते आपणच सांगायचे. पारदर्शक अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात ठेवायचे असतात. खाताना, चहा घेताना काढायचे, दात घासून परत घालायचे. एकाशन करणारीला हे फार सोयीचं, आणि दिवसभर घोट-घोट चहा पिणारीला कटकटीचं. चिकटवलेल्या तारेत कण हटकून अडकतात, छोट्या ब्रशनं नीट साफ करायला दहा-पंधरा मिनिटं जातात. ती सूर्यास्ताच्या आधी हवीत. डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, नोकरीवरून येणाऱ्या बाईनं याचा हिशेब आधी करावा.

तार आवळली की दोन-चार दिवस दात ठणकतात. उपवासात गोळी घेता येत नाही, त्यामुळे अष्टमी-चतुर्दशी बघूनच तारीख घ्यावी. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत कधी हाडाची पूड भरतात, ती गाईबैलांच्या हाडांपासूनही केलेली असते. "कशाची आहे, दुसरा पर्याय आहे का?" हे बिनदिक्कत विचारा. टूथपेस्टवरचा हिरवा ठिपका बघणाऱ्या आपण, तिथं कशाला संकोचायचं?

जाऊबाईंना मी एवढंच म्हटलं, लग्न ठरेपर्यंत तार निघालेलीही असेल. साधारण दीड-दोन वर्षांचं काम. पुढे रिटेनर मात्र कित्येक वर्षं रात्री घालावा लागतो, नाहीतर दात परत सरकतात. खर्च विचारताना रिटेनरचे पैसे धरलेत का, तेही विचारून घ्या.

मी दशलक्षण पर्वानंतरची तारीख मागितली आहे. सासूबाई म्हणाल्या, मग त्या आठवड्यात मऊ खिचडीच टाकू.