राणीचे दागिने कोणाच्या खात्यावर?

आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेत हळदीची पोती येऊ लागली की आडतीच्या गादीवर पैशाची ओढ सुरू होते. शेतकऱ्याला रक्कम लगेच द्यावी लागते, पुढच्या व्यापाऱ्याकडून ती येण्यास अवधी लागतो, आणि मधल्या काळात घरातील सोने बँकेत किंवा सराफाकडे तारण जाते. हे सोने बहुधा घरातील स्त्रीचे असते. हंगाम साधला तर ते परत येते. हुकला तर मोडीत निघते. दुकानाच्या खतावणीत मात्र ते तिच्या नावाने क्वचितच जमा होते. ‘घरचेच आहे’ एवढ्या दोन शब्दांत तो हिशेब मिटतो.

दागिना कोणाचा, घराचा की तिचा, हा प्रश्न सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वी दोन मराठी राण्यांपुढे उभा राहिला होता. त्यांचे दागिने चोरांनी नेले नाहीत. ते सरकारी कागदांतून, सह्या-शिक्क्यांनिशी गेले.

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक निवर्तले. राजवाड्यात सर्वांत वडीलधाऱ्या होत्या त्या बांकाबाई, दुसऱ्या रघुजींच्या पत्नी. १८१८ नंतर तिसरे रघुजी अज्ञान असताना घराण्याचा व्यवहार त्यांनीच सांभाळला होता. इंग्रज रेसिडेंटांशी जुळवून घेत घर राखण्यात त्यांची हयात गेली होती. नात्यातील यशवंतराव अहिरराव या मुलास दत्तक घेऊन वंश चालवावा, अशी कुटुंबाची इच्छा होती. गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस मान्य केला नाही. मार्च १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

राज्यापाठोपाठ जामदारखान्याचा प्रश्न आला. डलहौसीचे धोरण असे की, राण्यांना त्यांच्या दर्जास शोभतील इतके दागिने व सामान ठेवू द्यावे. उरलेले विकून येणाऱ्या रकमेचा भोसले कुटुंबासाठी निधी करावा. कागदावर ही व्यवस्था उदार दिसते. पण कोणता दागिना दर्जास शोभतो आणि कोणता ‘उरलेला’, हे ठरविणारा हात राण्यांचा नव्हता. प्रत्येक दागिना माहेरचा, सासऱ्यांनी दिलेला, की दौलतीच्या खजिन्यातून अंगावर घालण्यापुरता आलेला, अशी विभागणी या व्यवस्थेचा पाया नव्हती.

सप्टेंबर १८५४ मध्ये सीताबर्डी येथे राजवाड्याचे हत्ती, घोडे, उंट आणि बैल लिलावात निघाले आणि मातीमोल भावाने गेले. राण्यांनी तक्रारी केल्या. उपयोग झाला नाही. वाड्यातील सामान हलविण्याची वेळ आली तेव्हा वृद्ध बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावण्याचा धाक घातला, असे इतिहासकार जॉन के याने नमूद केले आहे. सामान तरीही हलले. जवाहीर कलकत्त्याला गेले आणि १८५५ साली हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीमार्फत ‘नागपूरचे जवाहीर’ म्हणून जाहीर विक्रीस निघाले. ज्या बाजारात राजघराण्याची खूण म्हणजे भाव वाढविणारे लेबल होते, त्या बाजारात हे अलंकार सुटे होऊन विखुरले. के याचाच अभिप्राय असा की, राज्य घेतल्याने लोकांचे मन जेवढे दुखावले नाही, तेवढे या विक्रीने दुखावले.

व्यापारी मनाला हे पटण्यासारखे आहे. पेढी बुडाली तर समाज हळहळतो. पण जप्तीचा कारकून घरातील स्त्रीच्या मंगळसूत्राकडे वळला तर तोच समाज खवळतो. व्यवहारातील येणे-देणे आणि स्त्रीचे धन यांत एक सीमारेषा आहे, हे कायदा न शिकलेल्यालाही ठाऊक असते.

दुसरी कथा झाशीची. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावास विधिपूर्वक दत्तक घेतले होते. डलहौसीने तेथेही दत्तकास राज्याचा वारस मानले नाही आणि १८५४ च्या आरंभीच्या महिन्यांत झाशी खालसा केली. लक्ष्मीबाईंना शहरातील वाडा आणि दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन नेमून दिले.

राजकीय प्रतिनिधी माल्कम याने शिफारस केली होती की, दागिने आणि खासगी शिल्लक राणीसाहेबांना द्यावी. डलहौसीने ती नाकारली. त्याचे म्हणणे असे: दत्तकामुळे मुलाला राज्य मिळत नसले, तरी हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे खासगी मालमत्ता त्याचीच होते, म्हणून ती विधवेला देण्याचा अधिकार सरकारला नाही. ही रक्कम सुमारे सहा लाख रुपये होती. मुलगा सज्ञान होईपर्यंत ती सरकारी खजिन्यात राहिली. गादीसाठी जो पुत्र नव्हता, तो तिजोरीसाठी मात्र पुत्र ठरला. त्यातून पतीचे जुने कर्ज राणीच्या वेतनातून वसूल करण्याचा तगादा लागला. मालमत्ता मुलाच्या खात्यावर आणि देणे आईच्या खात्यावर, अशी ही खतावणी होती.

पुढे दामोदररावाची मुंज करण्यासाठी राणीसाहेबांनी त्याच सहा लाखांतून एक लाख रुपये मागितले. रक्कम मिळाली, पण उद्या मुलाने सज्ञान झाल्यावर हिशेब विचारला तर भरपाई करू, असे लिहून देणारे चार जामीन त्यासाठी उभे करावे लागले. आईने मुलाच्या मुंजीसाठी घरचेच पैसे जामिनावर घ्यावेत, ही स्थिती ज्या कुटुंबाने कधी बँकेत तारणपत्र भरले असेल त्याला नीट कळेल.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. लहानगा दामोदरराव थोड्या निष्ठावंतांसह रानोमाळ भटकत राहिला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आत्मकथनाप्रमाणे, आईची शेवटची ठेव म्हणून जवळ उरलेले बत्तीस तोळ्यांचे सोन्याचे तोडेही या भटकंतीच्या अखेरीस खर्चासाठी विकावे लागले. मे १८६० मध्ये ते इंदुरास आले आणि पुढे तेथेच सरकारी तनख्यावर राहिले. खजिन्यातील लाख रुपये त्यांच्या हाती कधी आले नाहीत. राणीच्या अंगावरचे जे सोने मुलाच्या खरोखर उपयोगी पडले, ते कोणत्याही सरकारी यादीत नसलेले ते तोडेच.

नागपुरात दागिने राज्याबरोबर गेले, झाशीत ते मुलाच्या नावाखाली अडकले. निर्णय परस्परविरुद्ध वाटतात. पण दोन्हींत एक रकाना कोरा आहे. राणीचे स्वतःचे किती, हे मोजणारा रकाना. वास्तविक स्त्रीधनाची कल्पना या भूमीला नवी नव्हती. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. मराठवाड्याच्या सीमेलगत कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’त तर स्त्रीधनाची व्याप्ती आणखी वाढविली आहे. धर्मशास्त्राचा हवाला देऊन मुलाचा हक्क सिद्ध करणाऱ्या सरकारला आईच्या स्त्रीधनाचे पान उघडण्याची गरज वाटली नाही.

हे पान वेगळे ठेवले तर काय होते, याचेही उदाहरण मराठी राज्यकर्त्यांतच आहे. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर दिली. दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि देशभर घाट, धर्मशाळा, मंदिरे उभी राहिली. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंचाच म्हणून सांगितला जातो. संस्थान विलीन झाल्यावर या धर्मादाय मिळकतींसाठी १९६२ साली विश्वस्त निधी झाला. त्या मिळकती परवानगीवाचून विकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. जवळजवळ तीनशे वर्षांनीही त्या धनाचा माग लागतो, कारण ते आरंभापासून वेगळ्या नावाने लिहिले गेले.

आजचा कायदा बांकाबाईंच्या काळापेक्षा स्पष्ट आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता साधारणपणे तिच्या पूर्ण मालकीची असते. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पतीकडे वा सासरी सोपविलेले स्त्रीधन तिचेच राहते. इतरांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे विवाहात मिळालेल्या भेटींची यादी करून तीवर वधू-वरांनी सही करावयाची असते. लग्नपत्रिकेच्या मजकुरावर चार बैठका घेणाऱ्या घरांत ही यादी मात्र बहुधा होत नाही.

कायद्याने हक्क दिला तरी पुरावा घरानेच ठेवावा लागतो. बँकेच्या लॉकरचा करार असतो. आत काय ठेवले आहे याची नोंद बँक ठेवत नाही. लॉकरवर नामनिर्देशन असले तरी नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. भागीदारी पेढी अडचणीत आली, भावांची वाटणी झाली किंवा कर्ता अकस्मात गेला, तर दागिना पेढीचा, अविभक्त कुटुंबाचा की सुनेचा, हे स्मरणावर ठरविण्याची वेळ येते. आणि स्मरण प्रत्येकाचे वेगळे असते.

उपाय फार मोठा नाही. प्रत्येक दागिन्याचे वजन, शुद्धता, कोणी व केव्हा दिला, पावती कोणाच्या नावे आहे, हे एका वहीत लिहावे आणि छायाचित्र जोडावे. दुकानासाठी तिचे सोने तारण ठेवले किंवा मोडले, तर आलेली रक्कम तिच्या खात्यास जमा धरावी आणि परतफेडीची बोली लिहावी. तिने आनंदाने दिले असेल तर तेही लिहावे. विश्वास नाही म्हणून कोणी कीर्द लिहीत नाही. सख्ख्या भावाशी केलेला व्यवहारही कीर्दीत येतोच.

दिवाळीला घरोघरी वहीपूजन होते. नव्या वहीत पेढीचे, देव-धर्माचे खाते उघडले जाते. त्याच वहीत एक पान घरच्या लक्ष्मीच्या नावाने उघडावे आणि पहिली ओळ तिच्याच हाताने लिहवून घ्यावी.