बटणं शिकवली, शिकवणं राहून गेलं

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी मालेगावातल्या एका उर्दू शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होतो. काही आठवड्यांनी आम्हा शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. दोन तासांचं. लिंक कशी पाठवायची, माइक कसा बंद करायचा, स्क्रीन कशी दाखवायची. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ऑनलाइन शिक्षक!

माझ्या वर्गात चाळीस मुलं. पहिल्या तासाला नऊ आली, त्यात मुलगी एकच. इतरांकडे चौकशी केली. एका मुलीने सांगितलं, "सर, फोन अब्बांसोबत लूमवर जातो. रात्री आला की आधी भाईजानकडे. मला दहानंतर वीस मिनिटं मिळतात."

त्या वीस मिनिटांत कसं शिकवायचं, हे त्या प्रशिक्षणात कुठेच नव्हतं. चुकत-माकत मी रीत बसवली. तीन मिनिटांचा ऑडिओ, फळ्याचा एक फोटो आणि फोनशिवाय घरात करता येईल असा एक प्रयोग. उत्तर मुलांनी आवाजात पाठवायचं. हळूहळू मुली परतल्या.

आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ आपांची अडचण वेगळीच. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये. तो मजकूर गूगल फॉर्ममध्ये टाकला की उर्दूऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. शेवटी त्या हाताने लिहून फोटो पाठवत राहिल्या. फोनवर युनिकोड उर्दू कीबोर्ड असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एका तासाचं काम होतं.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 'दीक्षा' 2017 पासून आहे. 'निष्ठा' प्रशिक्षण 2019 मध्ये सुरू झालं आणि 2020 मध्ये ऑनलाइन आलं. पण व्हिडिओ पाहिला, प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र डाउनलोड केलं, की शिक्षक तयार झाला असं आपण मानतो. खरं सांगायचं तर व्हिडिओ चालू ठेवून इतर कामं मीही उरकली आहेत. पोहायला शिकवण्याचा व्हिडिओ पाहून कुणी पोहत नाही. शिक्षकाने छोटा पाठ तयार करावा, तो खऱ्या मुलांना पाठवावा, काय फसलं ते सहकाऱ्यांसमोर मांडावं आणि पाठ पुन्हा करावा. तेही आपल्या भाषेत, आपल्या लिपीत.

शाळा उघडल्या म्हणून हा प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे. त्यातले दहा तास तरी अशा सरावाला द्यावेत, ही मागणी उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनी आणि पालकांनी का करू नये?

आणि एक प्रश्न आपल्यालाही. फोन मुलीपर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतो, तो कोणत्या सरकारी आदेशाने? तो नियम आपल्या घरातला आहे. तो आपल्यालाच मोडावा लागेल.

मित्रांनो, मैत्रिणींनो, तुमच्या हातात दिवसभर फोन असतो. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत जा. एखाद्या आपांजवळ तासभर बसा, त्यांना उर्दू टाइप करून दाखवा. शिकवायचं कसं हे त्या जाणतात. बटणं तेवढी तुम्ही सांगा.