चित्रांतून पुसलेलीं माणसें

लग्नामुंजींचीं छायाचित्रें जपून ठेवण्याचा प्रघात घरोघरीं आहे. राष्ट्रेंहि तेंच करितात. मात्र त्यांच्या पेटाऱ्याची किल्ली राज्यकर्त्यांपाशीं असते. चीनमधील छायाचित्र-पुस्तकांचा इतिहास चाळतांना आम्हांस हें विशेष जाणवलें.

आरंभ परकीयांनीं केला. जॉन थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें अवजड कॅमेरा, कांचा व रसायनें वाहून नेऊन तेथें काढलेलीं दोनशें चित्रें लंडन येथें १८७३-७४ सालीं चार खंडांत प्रसिद्ध झालीं. ग्रंथ मोलाचा खरा, परंतु पाहणारा डोळा पाहुण्याचा. पुढें शांघाय येथें १९२६ सालीं 'लियांगयू', म्हणजे 'सन्मित्र', हें सचित्र मासिक निघालें. त्याच्या चालकांनीं १९३२ सालीं छायाचित्रकारांचें एक पथक देशभर धाडिलें व १९३४ सालीं त्या प्रवासाचा चित्रग्रंथ काढिला. मांचुरिया नुकताच जपाननें गिळला होता. अशा वेळीं आपला देश केवढा आहे हें देशबांधवांस प्रत्यक्ष दाखविणें, याला आम्ही देशकार्यच म्हणूं.

१९४९ नंतर साम्यवादी राजवटींत चित्रग्रंथ सरकारी झाले, आणि येथूनच कात्रीचा इतिहास सुरू होतो. माओचा नियोजित वारस लिन बियाव १९७१ सालीं विमान कोसळून मेला व राष्ट्रद्रोही ठरला. लागलीच लोकांनीं आपल्या घरच्या पुस्तकांतील त्याचीं चित्रें फाडलीं, तोंडावर काट मारली. काल ज्या मुखापुढें हात जोडिले, त्यावरच आज शाई! १९७६ सालीं माओच्या शोकसभेंत ओळीनें उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचें चित्र छापून निघालें, तों त्यांपैकीं चौघे कैदेंत पडले होते. चित्रांत त्यांच्या जागा नुसत्या रिकाम्या दिसतात.

पण सर्वच लोक भ्याले नाहींत. त्याच वर्षीं एप्रिलांत, आपल्या पितृपक्षासारख्या छिंगमिंगच्या पर्वास, दिवंगत पंतप्रधान चौ एन-लाय यांस पुष्पचक्रें वाहण्यास बीजिंगच्या थ्येनआनमन चौकांत अपार जनसमुदाय लोटला. सरकारनें तो मोडून काढला. तेथील चित्रें जवळ सांपडणें धोक्याचें होतें. तरी कित्येक हौशी तरुणांनीं काचपट्ट्या नव्हे, पण फिल्मा लपवून ठेविल्या. वारें फिरल्यावर, १९७९ सालीं, त्यांचें 'जनतेचा शोक' हें पुस्तक झालें.

हार्बिनच्या एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार ली झेनशेंग यांनीं तर सांस्कृतिक क्रांतींतील आपल्या हजारों चित्रांच्या फिल्मा घराच्या जमिनीच्या फळ्यांखालीं दडविल्या होत्या. त्यांतून २००३ सालीं इंग्रजी ग्रंथ निघाला. चिनी आवृत्ति २०१८ सालीं, तीहि हाँगकाँगला. त्यांतील एका चित्रांत हार्बिनच्या मंदिरांतील बौद्ध भिक्षूंस, त्यांच्याच सूत्रग्रंथांची निंदा करणारा फलक हातीं देऊन उभें केलें आहे. ज्या देशाचा ह्युएनत्संग सूत्रग्रंथांसाठीं आपल्या नालंदेपर्यंत आला, त्या देशांतील हें चित्र. तें पान आमच्यानें बराच वेळ उलटवेना.