‘निर्णायक पुरावा नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

उत्तर भारताची हवा बिघडली की संसदेत एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला ठरलेले उत्तर मिळते. हवाप्रदूषण हा श्वसनविकारांना हातभार लावणाऱ्या अनेक घटकांपैकी एक आहे. मात्र प्रदूषण आणि आजार वा मृत्यू यांच्यात थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच आशयाचे उत्तर ऐकले, डिसेंबर २०२५ मध्येही ऐकले. शब्द थोडे मागेपुढे होतात, निष्कर्ष तोच राहतो.

मी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. मोजमाप, त्यातील त्रुटी आणि संभाव्यता हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. गेली दोन वर्षे मी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाची मुलगीही आहे. या दोन्ही नात्यांनी मला त्या उत्तराविषयी काही सांगायचे आहे.

आई लग्नानंतर दिल्लीत आली, त्याला आता सदतीस वर्षे झाली. तिने कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. घरातही कोणी ओढत नव्हते. खोकला हटेना, तेव्हा एका डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रातील डाग पाहून क्षयाची औषधे सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. चार महिने ती औषधे चालली. वजन उतरत गेले, खोकला तसाच राहिला. पुढे सीटी स्कॅन, बायॉप्सी आणि निदान: अ‍ॅडेनोकार्सिनोमा, चौथी अवस्था. त्यानंतर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने, डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, पहिला प्रश्न एकच विचारला. “घरात सिगारेट कोण ओढायचे?” आईने एकदा मला विचारले, “अगं, मी काय चुकीचे केले, ते तरी सांग.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता ‘थेट संबंध’ या शब्दांकडे वळू. रेडियमचा एखादा अणू कोणत्या क्षणी फुटेल, हे जगातला कोणताही भौतिकशास्त्रज्ञ सांगू शकत नाही. तरीही रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. एका अणूविषयीचे अज्ञान आणि अब्जावधी अणूंविषयीचे ज्ञान एकाच वेळी खरे असते. ‘या विशिष्ट अणूबाबत निर्णायक माहिती नाही’ म्हणून किरणोत्सार सिद्ध झालेला नाही, असे परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी नापास होईल. सार्वजनिक आरोग्यात मात्र हेच वाक्य धोरण म्हणून खपते.

हा युक्तिवाद नवाही नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला, तेव्हा तंबाखू कंपन्यांनी पुढची कित्येक दशके हीच भाषा वापरली. केवळ सहसंबंध आहे, कारण सिद्ध नाही, आणखी संशोधन हवे. त्या दशकांत किती माणसे गेली, याचा हिशेब इतिहासाने मांडला आहे.

मी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करते. माझ्या आईची गाठ दिल्लीच्या हवेमुळेच झाली, असे मी सिद्ध करू शकत नाही. तिच्या पेशींत ईजीएफआर या जनुकातील बदल आढळला. असा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, आणि आशियाई रुग्णांत अधिक दिसतो. तुलनेने स्वच्छ हवेच्या शहरांतही दिसतो. तिच्या लहानपणच्या स्वयंपाकघरातील चुलीचा धूरही विसरून चालणार नाही. पण एका रुग्णाबाबतची ही अनिश्चितता म्हणजे संपूर्ण लोकसंख्येबाबतची अनिश्चितता नव्हे.

लोकसंख्येबाबत जगाला काय ठाऊक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच बाहेरील हवेचे प्रदूषण आणि त्यातील सूक्ष्म कण यांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध घटकांत, टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाचे संशोधन प्रसिद्ध झाले. इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा येथील ईजीएफआर-बदल असलेल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. पीएम २.५ जिथे जास्त, तिथे या प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. उंदरांवरील प्रयोगांतून यंत्रणाही उलगडली. वयानुसार निरोगी फुप्फुसातही काही पेशींत असे बदल साठतात. बहुतेक पेशी निष्क्रिय पडून राहतात. सूक्ष्म कणांमुळे दाह होतो, इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन स्रवते आणि झोपलेल्या पेशी वाढू लागतात. म्हणजे कण ठिणगी पाडत नाही; तो आधीच असलेल्या ठिणगीवर फुंकर घालतो. इतकी स्पष्ट यंत्रणा हाती आल्यावरही ‘थेट संबंध नाही’ म्हणत राहणे याला वैज्ञानिक सावधगिरी म्हणता येत नाही.

यावर ‘हा अभ्यास भारतातला नाही’, असा आक्षेप घेतला जातो. मग भारतातला अभ्यास का नाही? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ मध्ये सुरू झाला. चार दशकांनंतरही लोकसंख्याधारित नोंदणी देशाच्या पाचव्या हिस्स्यापर्यंतही पोहोचलेली नाही. काही राज्यांनी कर्करोगाची नोंद सक्तीची केली, परंतु देशभर एकसारखे बंधन नाही. आईच्या कागदपत्रांत ‘धूम्रपान: नाही’ एवढी एक खूण आहे. ती कुठे राहिली, किती वर्षे राहिली, स्वयंपाक कशावर करीत होती, हे दोन वर्षांत एकाही अर्जाने विचारले नाही. माहिती गोळा करायची नाही आणि मग माहिती उपलब्ध नाही असे सांगायचे, याला पुराव्याचा अभाव म्हणत नाहीत.

मानकांकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ साठीची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आपली, २००९ मध्ये ठरलेली, ४० आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मोजली जाते ती पीएम १० वर. रस्त्यावर पाणी शिंपडले की जाड धूळ बसते आणि आकडा सुधारतो. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारा, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान असलेला कण मात्र त्या पाण्याने बसत नाही. जे मोजतो, तेच सुधारते. जे घातक आहे, ते मोजण्याच्या निकषातच नाही.

या आजाराबरोबर जगणे म्हणजे काय, तेही सांगते. आई रोज सकाळी एक गोळी घेते. अशा लक्ष्यवेधी औषधांनी चौथ्या अवस्थेतही माणसे वर्षानुवर्षे जगतात, हे विज्ञानाचे मोठे देणे आहे. ऑसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क २०२४ मध्ये माफ झाले, जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हे स्वागतार्हच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी स्वस्त जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड देऊन आजार थोपवण्याचा काळ सुमारे आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर नेता येतो, हे २०२० मध्ये दाखवून दिले. भारतीय रुग्णांसाठी, भारतात झालेले हे विज्ञान आहे. तेव्हा क्षमता नाही, असे कोणी म्हणू नये.

दर तीन महिन्यांनी स्कॅन येतो. त्याआधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. नोव्हेंबर आला की खिडक्या बंद होतात. लेझरच्या प्रकाशाच्या विकिरणावरून कण मोजणारे छोटे यंत्र मी तिच्या खोलीत ठेवले आहे. गेल्या हिवाळ्यात शुद्धीकरण यंत्र चालू असतानाही त्यावर ९० दिसत होते. आई विचारते, “आज किती गं?” मी कधीकधी कमी सांगते. मोजमापावर उभी असलेली माझी सारी कारकीर्द त्या क्षणी खोटी पडते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कर्करोगाची नोंद देशभर सक्तीची करा आणि त्यात निवासाचा व इंधनाचा इतिहास लिहा. थुंकीत जंतू न सापडता क्षयाचे उपचार सुरू झाले असतील आणि गुण येत नसेल, तर सीटी स्कॅनला विलंब नको. जनुकीय चाचणी प्रत्येक सरकारी कर्करोग केंद्रात मोफत मिळावी. शहरांचे मूल्यमापन पीएम २.५ वर करा.

आणि विज्ञानात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, आपली भाषा कोणी उसनी घेऊन तिचा असा वापर करीत असेल, तर ते लेखी आणि जाहीरपणे खोडून काढणे हे आपले काम आहे. ‘निर्णायक’ हा शब्द आपला आहे. तो कशासाठी वापरता येतो आणि कशासाठी नाही, हे आपण नाही सांगितले तर दुसरे कोणीही सांगणार नाही.

राहता राहिले आपण सारे. एखाद्याला हा आजार झाल्याचे कळले, तर कृपया सिगारेटविषयी विचारू नका. ओढणाऱ्यालाही नको, आजार ही शिक्षा नव्हे. जेवलात का, पुढचा स्कॅन कधी आहे, सोबत येऊ का, एवढे विचारा.